रात्रीची लाइन

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर दोन चित्रं काढली.
पहिल्यात वीतभर आतडं, पोटाला भोक, बाहेर पिशवी.
दुसऱ्यात हातभर आतडं,
शिवून केलेलं नवं मूत्राशय,
सगळं आत, जुन्याच वाटेने.
पेनाला टोपण लावत म्हणाले,
कॅन्सर दोन्हींत सारखाच निघतो.
पुढचं तुम्ही ठरवा.

मी ठिबकच्या नळ्या जोडणारा माणूस.
चित्र फिरवून फिरवून पाहिलं,
सवयीने शोधला व्हॉल्व्ह.
दुसऱ्यात व्हॉल्व्ह कुठंय, साहेब?
म्हणाले, तो तुम्हीच.
भरल्याचं कळणार नाही पहिल्यासारखं.
घड्याळ लावायचं, दिवसा तीन तासांनी,
आणि रात्रीही उठायचं.

पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, दुसरंच करा अप्पा,
ते नैसर्गिक असतं.
नैसर्गिक हा शब्द त्याने तीनदा वापरला.
मालती चिठ्ठीची घडी घालत होती,
आधीच्याच घडीवर.

सिस्टरने दोन नंबर दिले. भेटून या, म्हणाली.

धरणगावचे सोनवणे गुरुजी, नवं मूत्राशय, तिसरं वर्ष.
गावात कुणालाच माहीत नाही, म्हणाले,
आणि छाती जरा पुढे आली.
तेवढ्यात खिशात गजर वाजला.
बऱ्याच वेळाने परतले, बसताना भिंत धरून.
रात्री दोनला आणि पाचला, म्हणाले.
मला जाग येत नाही, ही उठवते.
चहा घेऊन आलेल्या बाई
उभ्या उभ्याच जांभई गिळत होत्या.

भुसावळचे हुसेन तडवी, रेल्वेत गँगमन होते.
मी विचारायच्या आत सदरा वर केला.
पिशवीतून दिसलं, पिकल्या तोंडल्यासारखं लाल.
हात लाव, दुखत नाही भो.
मे महिन्यात पट्टी सुटते,
शेहेचाळीस डिग्रीत काय टिकते सांग?
भाच्याच्या लग्नात सुटली. नवी कोरी पँट!
एवढे हसले की पिशवीही हलली.
मौलानाले विचारलं नमाजचं, ते म्हणे चालते.
आणि रात्री?
रात्री नळी लावून देतो खाटेखालच्या मोठ्या पिशवीले.
थेट फजरलेच डोळा उघडते.

परतताना सावद्याजवळ केळीच्या ट्रकांमागे गाडी अडकली.
मी मोजत होतो.
आठवड्यातले तीन दिवस रात्रीची लाइन,
दोन बिघे केळी, हातात बॅटरी,
स्टार्टरचा खटका, पायाखाली काय सळसळतंय कुणास ठाऊक.
अडतीस वर्षांच्या संसारात
अर्ध्या रात्री मालती मला एवढंच बोलली असेल,
आली का लाइन?

मालती, म्हटलं, मले झोपू दे आता.
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
मंग झोपा ना.

डॉक्टरांना नवल वाटलं. तुमची तब्येत दुसऱ्याला चालेल, म्हणाले.
हो, म्हटलं, तब्येत चालेल.
मुलाने फोन ठेवला. दोन दिवसांनी केला.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सिस्टरने बोलावलं.
मला उभं केलं, बसवलं, वाकवलं,
पायजम्याची नाडी बांधायला लावली,
पोटाच्या घड्या कुठे पडतात ते पाहिलं
आणि बेंबीच्या उजवीकडे काळ्या पेनाने फुली मारली.
दवाखान्यात पहिल्यांदाच मालतीने तोंड उघडलं.
जरा डाव्या अंगाला नाही का घेता येणार?
उजवीकडे मी झोपते.
सिस्टर म्हणाली, सहसा उजवीकडेच करतात बाई.
मालतीने फुलीकडे पाहिलं,
साडीच्या दुकानात भाव ऐकून पाहावं तसं.
बरं, म्हणाली.

त्याच रात्री तिने उशी उचलून डावीकडे टाकली.
सवय लागायला हवी, म्हणाली,
आणि भिंतीला दोनदा हात आपटून घेतला.

दोनला शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली.
मी जागाच होतो, बोटाने फुली चाचपत.
नव्या बाजूने, झोपेतच,
आली का लाइन?
आली, म्हटलं.
पंढरीनाथाच्या मळ्यातली.
झोप तू.